वसुलीच्या फोनवरची मुलगी आणि लूकमधले तीन जकातदार

ही केस लिहायला त्या मुलीची परवानगी घेतली आहे. नाव देत नाही, घरचे तिला बेबी म्हणतात तेच इथं वापरते, आणि कंपनी ओळखू येईल असंही काही ठेवलेलं नाही. लिहायचं कारण हे की आमच्या नगरकडच्या चर्चच्या मंडळ्यांमध्ये पाचारण, म्हणजे देवाची हाक, या विषयावर दरवर्षी एखादं तरी तरुणांचं शिबिर होतं, आणि त्यात पाळक व्हायचं का, बायबल कॉलेजला जायचं का, फुलटाइम सेवेत उतरायचं का एवढंच बोललं जातं. जी पोरं सोमवारी पहाटे पुण्याची बस धरून कामाला जातात त्यांच्या कामात देवाची हाक कुठं बसते यावर कोणी अवाक्षर काढत नाही. मी तरुण संघाचं बायबल स्टडी घेते म्हणून हे मलाही लागू आहे.

काय घडलं

बेबी २६ वर्षांची, बीकॉम झालेली. वडील मिशनच्या शाळेत शिपाई होते, आता रिटायर, आई ऑर्डरप्रमाणे शेवया-पापड करून देते, धाकटा भाऊ नर्सिंगला आणि त्याची फी हीच भरते. पुण्यात एका कलेक्शन एजन्सीत नोकरी. मोबाइल अ‍ॅपवरून छोटी कर्जं देणाऱ्या एका कंपनीनं थकलेल्या हप्त्यांची वसुली या एजन्सीला दिलेली होती. काम म्हणजे दिवसभर हेडसेट लावून बसायचं, डायलर आपोआप नंबर लावतो, पलीकडं कर्जदार आला की स्क्रीनवर त्याचं नाव, थकीत रक्कम, किती दिवस झाले ते दिसतं. दिवसांप्रमाणे बकेट पाडलेल्या असतात, ३० दिवसांपर्यंतची एक, ६० पर्यंतची दुसरी, ९० पर्यंतची तिसरी. बेबी तिसऱ्या बकेटवर होती. समोरच्यानं अमुक तारखेला भरतो म्हटलं की त्याला पीटीपी म्हणतात, पीटीपी मोडलं तर तुमचा स्कोअर खाली, पैसे आले तर इन्सेंटिव्ह.

मागच्या वर्षी जूनमध्ये तिच्या टीएलनं, म्हणजे टीम लीडरनं, तिला एक शीट दिलं. ज्या कर्जदाराचा फोन १० दिवस लागत नव्हता त्याच्या मोबाइलमधले कॉन्टॅक्ट होते ते. अ‍ॅप टाकताना त्यानं कुठंतरी 'अलाउ' दाबलं असणार आणि सगळी यादी कंपनीकडं आली. बेबीनं मला ते शीट दाखवलं नाही, दाखवूही नये, पण त्यातली नावं तिला पाठ झाली होती आणि ती तिनं माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणून दाखवली. आई नवीन नंबर. पप्पू वेल्डिंग. सर शाळा. किराणा उधारी. मोठी ताई जालना. माणूस आपल्या फोनमध्ये आपल्यापुरतं जसं लिहून ठेवतो तसंच्या तसं. तिला सांगितलं होतं की यातल्या पाच जणांना लावायचं, 'तुमचं नाव रेफरन्स म्हणून दिलंय' असं म्हणायचं आणि रक्कम सांगायची.

तिनं मोठी ताई जालनाला फोन लावला. ती बाई पहिल्यांदा काही बोललीच नाही, मग हळू आवाजात म्हणाली की माझे मिस्टर शेजारच्या खोलीत आहेत, त्यांना कळू देऊ नका, किती आहेत सांगा. संध्याकाळपर्यंत थकलेल्या हप्त्यांचे ९,२०० रुपये आले. फ्लोअरवर टाळ्या वाजल्या, टीएलनं पाठ थोपटली, बेबीला त्या आठवड्याचा इन्सेंटिव्ह लागला.

रविवारी उपासना झाल्यावर ती चर्चच्या मागच्या व्हरांड्यात माझ्यासाठी थांबली होती. सलाम केला आणि एकदम म्हणाली, "मावशी, ते पैसे मी भावाच्या फीत घातले. आता काय करू?"

तिला आधी मिळालेले सल्ले

आई म्हणाली, नोकरी सोडू नकोस, देवानंच दिलीये, अशा दिवसांत मिळते कुठं. आईचं चुकीचं आहे असं मला आजही वाटत नाही. घरात एकच पगार येतो तेव्हा सोडून दे म्हणणं सोपं असतं ते दुसऱ्याच्या घरात बसून.

तरुण संघातल्या एका मुलानं सांगितलं की तू तिथंच राहा आणि साक्ष दे, डेस्कवर बायबलचं वचन लाव, प्रार्थना करून फोन लाव. हा मुलगा मनानं चांगला आहे, पण प्रार्थना करून त्याच शीटवरचा नंबर लावला तर पलीकडच्या बाईला काय फरक पडणार हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

पाळकसाहेबांनी सांगितलं की ही अस्वस्थता म्हणजेच देवाचं पाचारण आहे, नोकरी सोड, सेमिनरीचा फॉर्म भर, आपल्याला मुली सेवेत हव्यातच. त्यांनी रेव्हरंड टिळकांचं उदाहरण दिलं, टिळकांनी पगार सोडला आणि देवावर विसंबले असं. मी पाळकसाहेबांना त्याच आठवड्यात भेटून बोलले, कारण हे उदाहरण उलटं लागतं असं मला वाटलं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, नंतर बरीच वर्षं त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं, ज्ञानोदय या ख्रिस्ती नियतकालिकाचं लिखाण केलं, आणि १९१७ मध्ये त्यांनी जी नोकरी सोडली ती मिशनचीच. देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला आणि त्यात बाप्तिस्मा झालेले-न झालेले दोघंही येऊ शकत होते. म्हणजे टिळकांना हाक आली ती चर्चच्या पगारातून बाहेर पडायची. आपण मात्र प्रत्येक पोराला बाहेरून चर्चच्या पगारात ओढतो आणि त्याला पाचारण म्हणतो. पाळकसाहेब यावर चिडले नाहीत, विचार करतो म्हणाले, आणि पुढं त्यांनी जे केलं ते खाली येईलच.

मी कोण सल्ला देणारी

हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. मी २७ वर्षं एका सहकारी बँकेत होते आणि त्यातली शेवटची १४ वर्षं वसुली विभागात. सहकार कायद्याच्या कलम १०१ चे वसुली दाखले, जप्तीच्या नोटिसा, लिलावाची पंचनामापत्रकं, हे सगळं माझ्या हातून गेलंय. वसुली हे पाप आहे असं मी कधीच मानलं नाही आणि आजही मानत नाही. बँकेतला पैसा कोणाचा असतो? रिटायर झालेल्या मास्तरांचा, एखाद्या विधवेचा, ऊस गेल्यावर ठेव ठेवणाऱ्या शेतकऱ्याचा. तो परत आला नाही तर ठेवीदार रस्त्यावर येतो, आणि आपल्या जिल्ह्यानं, आपल्या राज्यानं असे ठेवीदार डोळ्यांनी पाहिलेत. स्तोत्र ३७ मध्ये उसनं घेऊन परत न करणाऱ्याला दुष्ट म्हटलंय. हे मी बेबीला पहिल्याच दिवशी सांगितलं, कारण तिच्या मनात आपण मुळातच वाईट धंद्यात आहोत असं बसलं होतं, आणि अशा अपराधी भावनेतून घेतलेला निर्णय टिकत नाही.

पण मला एक शिलाई मशीन आठवत होतं. २००६ सालची गोष्ट. भिंगारमधली एक बाई ब्लाउज शिवायची, मशीनसाठीच कर्ज घेतलेलं, नवरा आजारी पडला, हप्ते थांबले, ६,४०० रुपये बाकी. आम्ही मशीन उचलून आणलं. कागदोपत्री सगळं बरोबर होतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये कारागिराची अवजारं जप्तीतून वगळली आहेत, पण हे मशीन आमच्याकडंच तारण होतं त्यामुळे तो आडोसा तिला मिळाला नाही. टेम्पोत चढवताना मशीनच्या सुईखाली अर्धवट शिवलेली बाही तशीच अडकलेली होती, हिरव्या रंगाची, आणि ती बाई म्हणाली, "एवढी बाही काढून देता का, गिऱ्हाइकाची आहे." मी दोरा तोडून बाही तिच्या हातात दिली. लिलावात मशीनचे १,९०० आले. बाकीचे कधीच आले नाहीत, येणार कुठून?

चार गुरुवार

आम्ही चार गुरुवार संध्याकाळी माझ्याकडं बसलो. बेबीनं वर्क फ्रॉम होम मागून घेतलं होतं त्या महिन्यात. मी लूकचं शुभवर्तमान काढलं, कारण वसुलीवाल्यांबद्दल लूकइतकं कोणी लिहिलेलं नाही. जकातदार म्हणजे त्या काळचा कलेक्शन एजंटच, रोमी सत्तेसाठी पैसा गोळा करणारा आणि वर जमेल तेवढं स्वतःसाठी उकळणारा. एकाच पुस्तकात हा माणूस बऱ्याचदा भेटतो आणि त्यातल्या तीन ठिकाणी उत्तर वेगवेगळं आहे.

तिसऱ्या अध्यायात जकातदार बाप्तिस्मा घ्यायला योहानाकडं येतात, विचारतात गुरुजी आम्ही काय करावं. योहान काही लेचापेचा माणूस नव्हता, लोकांना सापाची पिल्लं म्हणणारा. तो त्यांना नाका सोडा असं म्हणत नाही. ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच. शिपायांनाही तेच, कोणाला धाक घालून लुबाडू नका, पगारात समाधान माना. पाचव्या अध्यायात लेवी नाक्यावर बसलेला असतो, येशू म्हणतो माझ्यामागं ये, आणि तो सगळं सोडून उठतो. एकोणिसाव्या अध्यायात जक्कय, यरीहोतला मुख्य जकातदार, पैसेवाला, बुटका, उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी जातो. जक्कय स्वतःच उभा राहून म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कोणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. त्याला नोकरी सोड असं येशूनं सांगितल्याचं कुठंच लिहिलेलं नाही. सोडली की नाही हेही नाही.

बेबी म्हणाली, "म्हणजे तिघांतला कुठला मी?" हाच प्रश्न मला अख्ख्या शिबिरांमध्ये कोणी विचारताना ऐकला नव्हता. आपण फक्त लेवी शिकवतो. उठला आणि मागं गेला, टाळ्या. संडे स्कूलच्या भिंतीवर चित्रही त्याचंच, फार तर झाडावरच्या जक्कयचं, पण जक्कय झाडावरून उतरल्यावर हिशेबाची वही काढून बसला असेल, कोणाकोणाला किती द्यायचं ते शोधत दारोदार फिरला असेल, ते चित्र कुठल्याच भिंतीवर नाही.

दुसऱ्या गुरुवारी बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा २४ वा अध्याय काढला. मी हा भाग नोकरीत असताना कितीदा वाचला असेन, पण कामाशी जोडून कधीच वाचला नव्हता. त्यात लिहिलंय की जातं किंवा जात्याची वरची तळी कोणी गहाण ठेवून घेऊ नये, कारण ते म्हणजे माणसाचा जीवच गहाण ठेवून घेणं. इथं मला शिलाई मशीन दिसलं आणि मी थोडा वेळ वाचायची थांबले. पुढं लिहिलंय की शेजाऱ्याला कर्ज दिलं असेल तर गहाण वस्तू घ्यायला त्याच्या घरात शिरू नकोस, बाहेर उभा राहा, तो स्वतः बाहेर आणून देईल. आणि गरीब असेल तर त्याचं पांघरूण सूर्य मावळायच्या आत परत दे, त्याला झोपायला लागतं.

बेबी एकदम म्हणाली, "मावशी, कॉन्टॅक्ट लिस्ट म्हणजे घरात शिरणंच की."

मला वाटतं या सगळ्या केसमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे आहे आणि ते तिचं आहे. सावकार दारात उभा राहू शकतो, हाक मारू शकतो, आपले पैसे मागू शकतो. उंबरा ओलांडायचा नाही. कर्ज घेतलं म्हणून माणसाचं घर सावकाराचं होत नाही, त्याची बायको, बहीण, त्याची अब्रू तारणात येत नाही. आज माणसाचं घर निम्मं त्याच्या फोनमध्ये असतं, तिथं आई नवीन नंबर असते आणि मोठी ताई जालना असते.

आणि ही काही फक्त धार्मिक कल्पना नाही. मी तिला रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं प्रिंट काढून दिली. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात साफ लिहिलंय की सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, चारचौघांत अपमान होईल असं काही करायचं नाही, आणि कर्जदाराच्या घरच्यांच्या, रेफरन्स दिलेल्यांच्या, मित्रांच्या खासगी आयुष्यात घुसायचं नाही. त्याच वर्षी २ सप्टेंबरला डिजिटल कर्जाचे नियम आले त्यात अ‍ॅपनं फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉग, फोटो-फाइल यांना हात लावायचा नाही असं आहे, केवायसीसाठी कॅमेरा-लोकेशन वगैरे एकदा, तेही संमतीनं. म्हणजे ते शीट तिच्या हातात यायलाच नको होतं. बेबीला हे ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. तिनं पिवळ्या स्केचपेननं ओळी रंगवल्या आणि म्हणाली की म्हणजे मला वाईट वाटत होतं ते माझ्या मनाचं दुबळेपण नव्हतं.

आपल्या भागाला हे नवीनही नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढून जाळले, आणि ते लोण आपल्या नगर जिल्ह्यात पारनेर-श्रीगोंद्याकडं पोचलं. लोकांचा मुख्य रोख कागदांवर होता. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. माझ्या मते डिजिटल कर्जाचे नियम त्याच रांगेत बसतात, फक्त आता जाळायला कागद नाही, यादी कुठल्या सर्व्हरवर आहे तेही माणसाला माहीत नाही.

आजीचं बोलणं

तिसऱ्या गुरुवारी बेबीची आजी पण आली, नात कुठं जाते बघायला. त्या दिवशी मी पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा ७ वा अध्याय घेतला होता, ज्याला ज्या स्थितीत पाचारण झालं त्यानं त्यात राहावं हा भाग, आणि मार्टिन लूथरबद्दल सांगत होते, की त्याच्या काळात पाचारण म्हणजे फक्त मठात जाणं होतं आणि त्यानं सांगितलं की चांभार, दासी, आई, न्यायाधीश सगळ्यांचं काम पाचारणच आहे, शेजाऱ्याची सेवा होते तिथं देवाची सेवा होते. मला हे फार प्रिय आहे म्हणून मी जरा रंगूनच सांगत होते.

आजी मध्येच म्हणाली, "आमाला बी हाक यायची. येसकराला. पाटलाची हाक आली की जेवतं ताट सोडून उठायचं. मेलेलं ढोर वढायला, सांगावा घेऊन दुसऱ्या गावाला पळायला. माझा सासरा म्हणायचा, क्रिस्ती झालो तवा ती हाक बंद झाली."

मी गप्प बसले. तू जिथं आहेस तिथंच राहा, तेच तुझं काम देवानं दिलंय, हे वाक्य जर्मनीतल्या चांभाराला मोठेपण देत असेल, पण आपल्या गावात ते हजार वर्षं दुसऱ्याच अर्थानं सांगितलं गेलंय. येसकरकी हे महारांवर पिढ्यान्‌पिढ्या लादलेलं गावकाम, आणि त्या महारकी वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये कौन्सिलात बिल आणलं, वतनं कायद्यानं जायला १९५८ उजाडलं. आमच्या मंडळ्यांतल्या कितीतरी घरांमध्ये ख्रिस्ती होणं म्हणजे नेमून दिलेल्या कामातून उठणं होतं. त्यामुळे बेबीला तिथंच राहा, ते तुझं पाचारण आहे असं तोंड वर करून सांगायचा अधिकार मला नाही, हे मला त्या म्हातारीनं शिकवलं. आणि पौलानंही पुढच्याच वचनात लिहिलंय ना, की दास असताना तुला पाचारण झालं तर त्याची चिंता करू नकोस, पण मोकळं होता येत असेल तर अवश्य हो. ते वचन मी तोपर्यंत घाईघाईत वाचत होते.

तेव्हा लूथरचं मी असं घेते: काम पाचारण आहे की नाही हे कामाच्या नावावरून ठरत नाही आणि त्यात राहण्यावरून तर नाहीच. त्या कामाच्या पलीकडच्या टोकाला जो माणूस आहे त्याचं काय होतं यावरून ठरतं. बेबीच्या बाबतीत पलीकडच्या टोकाला एक बाई होती जी नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलत होती.

तिनं काय ठरवलं

चौथ्या गुरुवारी ती वहीत लिहून घेऊन आली. कर्जदाराला स्वतःला फोन करीन, ८ ते ७ मध्ये. रक्कम स्पष्ट सांगीन, हप्ते पाडून देता आले तर विचारीन. कॉन्टॅक्टच्या यादीवरून एकही फोन करणार नाही. कोणी विचारलं तर का नाही तेही सांगीन. म्हणजे तिनं योहानाकडं आलेल्या जकातदारांचं उत्तर घेतलं होतं, नेमून दिलंय तेवढं, त्याच्या वर नाही.

टीएलला तिनं तोंडी सांगितलं तर तो म्हणाला अगं आपण फक्त रिमाइंडर देतो, आणि नियम बँकांना आहेत. मग तिनं मेल केला, अगदी साधा, की कॉन्टॅक्ट यादीवरून फोन करायची सूचना लेखी द्यावी म्हणजे मला नियमाशी ताडून बघता येईल. पाच दिवस उत्तर नाही. सहाव्या दिवशी तिला पहिल्या बकेटवर टाकलं, जिथं फक्त हप्त्याची आठवण द्यायची असते. कोणी रागावलं नाही. इन्सेंटिव्ह मात्र जवळजवळ बंद झाला.

आमच्या घरात त्या दिवशी आनंद झाला, मी तर प्रार्थनाही केली. पण दोन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा तोंड उतरलेलं. ते शीट आता तिच्या शेजारच्या खुर्चीवर होतं. बीडची एक १९ वर्षांची मुलगी, पहिलीच नोकरी. बेबीला हेडसेटमधूनही तिचा आवाज ऐकू यायचा, तुमचं नाव रेफरन्स म्हणून दिलंय.

इथं ही केस अवघड होते आणि इथं माझ्याकडं तयार उत्तर नव्हतं. आपले हात स्वच्छ ठेवता येतात, काम मात्र दुसऱ्याच्या हातानं चालूच राहतं. मी तिला अरामी सेनापती नामानची गोष्ट सांगितली, २ राजे ५, की कोडातून बरा झाल्यावर तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा धनी रिम्मोन देवाच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकेल तेव्हा मलाही वाकावं लागेल, तेवढी क्षमा असावी, आणि अलीशा शांतीनं जा म्हणतो. मी समजूत काढायला सांगितलं होतं. बेबी म्हणाली, "नामान वाकला तर नुकसान कोणाचं झालं मावशी? इथं पलीकडं कोणीतरी रडतंय." तिचं बरोबर होतं. नामानची सवलत इथं लागू होत नाही.

मग तिनं स्वतःच एक सुरू केलं. कर्जाच्या कागदात तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर असतो, नियमानं द्यावाच लागतो, आणि ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. ती प्रत्येक कर्जदाराला फोनच्या शेवटी हे सांगू लागली, तुम्हाला किंवा तुमच्या नातेवाइकांना कोणी त्रास देत असेल तर इथं लिहा. एका फोनला दीड मिनिट जास्त जायचं. महिनाभरानं तिला वॉर्निंग आली, कारण लिहिलं होतं की एएचटी वाढलाय, म्हणजे सरासरी एका कॉलला लागणारा वेळ. शेजारच्या मुलीलाही तिनं ती पिवळी केलेली परिपत्रकं वाचायला दिली. त्या मुलीनं काय केलं ते तिचं तिच्यापाशी.

फेब्रुवारीत तिला प्रमोशनसारखं दिलं, नवीन बॅचला ट्रेनिंग दे म्हणाले, आणि त्या ट्रेनिंगमध्ये यादीवरून फोन कसे करायचे हा एक तास होता. तिनं त्याच दिवशी राजीनामा लिहिला. मला फोन नंतर आला. म्हणजे शेवटी ती लेवीसारखी उठलीच, पण जूनमध्ये उठली असती तर ती फक्त घाबरून पळाली असती असं तीच म्हणते, आणि मला ते पटतं.

आता ती नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात अकाउंट्सला आहे, पगार साडेचार हजारांनी कमी. भावाच्या फीचा प्रश्न आला तेव्हा पाळकसाहेबांनी मंडळीच्या कमिटीत विषय मांडला. काही जण म्हणाले असं सुरू केलं तर रांग लागेल. त्यावर पाळकसाहेब म्हणाले, नोकरी सोड म्हणून मी तिला सांगितलं होतं, मग त्याचा खर्च एकट्या तिनं का सोसायचा. ४०,००० रुपये बिनव्याजी दिले गेले, महिना २,००० परतफेड. वही माझ्याकडं दिली आहे. मे महिन्यात तिचा हप्ता चुकला, आई आजारी होती, तर मी स्वतःहून फोन केला नाही, रविवारी ती भेटल्यावर तीच सांगायला आली.

जालन्याच्या त्या ताईचे ९,२०० रुपये परत कसे करायचे हा प्रश्न बेबीनं सोडलेला नाही. तो नंबर तिच्याकडं नाही, असता तरी वापरू नये. तिला लागलेला इन्सेंटिव्ह १,१०० होता, त्याचे चौपट ४,४०० ती थोडे थोडे बाजूला काढतेय, कुठं द्यायचे ते अजून ठरत नाहीये.

हे सांगत असताना तिनं मला विचारलं, मावशी, त्या मशीनवाल्या बाईंचं काय झालं पुढं. मला माहीत नव्हतं. मी ऑगस्टमध्ये भिंगारला गेले, जुना पत्ता सापडला, घर बदललेलं, शेजारणीनं सांगितलं त्या लेकीकडं श्रीरामपूरला असतात, आणि त्यांना विचारून मग नंबर दिला. मी सकाळी साडेदहाला फोन लावला. नाव सांगितलं, बँकेचं नाव सांगितलं. पलीकडं बराच वेळ काहीच आवाज नाही. मग त्या म्हणाल्या, "बाई, अजून काही बाकी राहिलंय का?"

मी नाही म्हटलं, आणि जे बोलायचं ठरवून ठेवलं होतं ते सगळं विसरले. दिवाळीच्या आधी जाऊन यायचं आहे, बेबी बरोबर येते म्हणालीये.